पुढच्या दारातला कॉलिन

लेकीचा, ऋग्वेदाचा, मेसेज आला तेव्हा नानांच्या वर्षश्राद्धाची भांडी अजून सिंकमध्येच पडली होती.

विनयानं ओल्या हातानंच फोन उचलला, मेसेज वाचला आणि फोन उपडा ठेवला. वाईट बातमी जेवणं झाल्यावर सांगावी, एवढं शहाणपण दिघ्यांच्या घरात सून म्हणून आल्यावर तिला लवकरच आलं होतं. पण आज जेवणं तर होऊन गेली होती. ऑकलंडमधल्या अवोन्डेलच्या बाजारात सामोअन बाईकडून आणलेल्या अळूची भाजी संपली होती, खीर संपली होती, पाहुणे गेले होते. अंगणात ठेवलेलं पान कावळ्याऐवजी सीगलनं उष्टावलं होतं आणि सासूबाईंनी, लीलाबाईंनी, "चालतंय, यांना समुद्र आवडायचा" म्हणून तो प्रश्नही निकालात काढला होता. आता बातमी लांबवायला काही निमित्त उरलं नव्हतं.

"काय म्हणतेय?" दीप्तीनं विचारलं. विनयाच्या नवऱ्याची, नितीशची, ही धाकटी बहीण ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती. घरच्या कार्याला यायची, भांडी पुसायची आणि भावाची बाजू घ्यायची.

"लँड झालीय. बॅग आली नाही तिची. युनिफॉर्मवरच येतेय म्हणे."

दीप्तीच्या हातातलं फडकं थांबलं. "वहिनी, आज? दादाला सांगितलंस?"

"सांगायची गरज नाही," दारातून नितीश म्हणाला. तो खुर्च्या आवरून आत येत होता. "मी ऐकलंय."

तो कॉलेजात इतिहास शिकवायचा, आणि घरातही साधारण त्याच आवाजात बोलायचा. आत्ता मात्र आवाज अगदी खाली होता, आणि विनयाला त्याचीच भीती वाटली. मुलगी मेडिक म्हणून आर्मीत गेल्यापासून बापलेकींत वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे बोलणं नव्हतं. ती सिनाईत ड्युटीवर असताना नाना गेले. तिला येता आलं नाही. आज ती यायची होती ती नितीशच्या एकाच अटीवर, की मुलगी म्हणून ये, सैन्य फाटकाबाहेर ठेव.

"नितीश, बॅग हरवली तिची. ती काय करणार?"

"केमार्टमधनं टीशर्ट घेता येतो. त्या कपड्यांत ती या घरात येणार नाही, विनया. नानांच्या घरात नाही. आणि आजच्या दिवशी तर नाहीच."

"माझा स्वेटर देते की तिला," दीप्ती म्हणाली. "गॅरेजमध्ये बदलेल. एवढं तर करेल ना? नानांसाठी?"

"गॅरेजमध्ये!" विनयाचा आवाज चढला. "दीड वर्षानं येणारी माझी पोर गॅरेजमध्ये कपडे बदलेल? चोर आहे का ती?"

"वहिनी, मी फक्त मधला मार्ग..."

"मधला मार्ग नको. मला माझी मुलगी घरात हवीय. आज तिला बाहेर ठेवलंत ना, तर ती बर्नहॅमच्या कॅम्पवर जाईल आणि परत येणार नाही. तिनं तसं लिहिलंय."

ते खरं होतं. मेसेजची शेवटची ओळ तीच होती: इफ डॅड डझंट लेट मी इन, आय वोन्ट ट्राय अगेन.

मग नितीशनं तेच केलं जे तो प्रत्येक भांडणात करायचा. त्यानं आईकडे पाहिलं. लीलाबाई टेबलाशी बसून उरलेल्या वड्यांना झाकण घालत होत्या.

"आई, तूच सांग हिला. तू काय केलं होतंस त्या दिवशी? एकोणीस वर्षांची होतीस. इंग्रजी चार शब्द येत होते. तरी सोल्जरला दारात अडवलंसच ना?"

दिघ्यांच्या घरातली ही गोष्ट ठाऊक नसलेला मराठी माणूस ऑकलंडमध्ये शोधून सापडला नसता. एकाहत्तर साली नाना, म्हणजे पुरुषोत्तम दिघे, याच घरात मिसेस हॅरिसकडे मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. क्वीन स्ट्रीटवर व्हिएतनामविरुद्ध मोर्चे निघायचे, त्यांत ओरडून ओरडून घसा बसवून यायचे. आणि एका पहाटे मिसेस हॅरिसचा मुलगा कॉलिन व्हिएतनामच्या लढाईवरून परतला, तेव्हा नवी नवरी लीला दारात उभी राहिली, हात वर करून "वेट!" म्हणाली आणि तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं. प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक गणपतीला नाना ती गोष्ट हात वर करून सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे. लीलाबाई त्या वेळी नेहमी स्वयंपाकघरात असायच्या.

"बोल ना, आई," नितीश म्हणाला.

लीलाबाईंनी झाकण नीट दाबून बसवलं. "नितू," त्या म्हणाल्या, "पुढचं दार उघडतंय का बघ."

विनयाच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण या घरात पुढचं दार कुणी उघडत नसे.

*

ते दार फुगलंय, अडकतं, एवढंच मुलांना सांगितलेलं होतं. सगळे स्वयंपाकघराच्या दारानं येत-जात. पोस्टमनसुद्धा पार्सल मागं आणून ठेवायचा. नितीश लहानपणी कधी हॉलवेमध्ये चेंडू खेळला तर चेंडू त्या दारापाशी जाऊन थांबायचा आणि तो आणायला त्याला दीप्तीला सोबत न्यावं लागायचं.

आत्ता तो एकटाच तिथे येऊन उभा राहिला. हॉलवेत उदबत्तीचा वास होता. भिंतीवर नानांचा हार घातलेला फोटो होता. इथल्या हिवाळ्यातली, जुलैची संध्याकाळ पाच वाजताच अंधारून येते, दाराच्या वरच्या काचेतून उजेड जवळजवळ येत नव्हता.

त्यानं मूठ धरून ओढलं. दार हललं नाही. त्याला बरंच वाटलं.

तेवढ्यात बाहेरचा सेन्सरचा दिवा लागला.

कुणी आलं की लागणारा तो दिवा. मांजर असेल, तो स्वतःला म्हणाला. हे तो गेली कित्येक वर्षं म्हणत आला होता. वरांड्यातलं पायपुसणं कोरड्या दिवसांतही ओलं असायचं, त्याला तो दव म्हणायचा. मुलं पुढच्या पायऱ्यांवर जँडल्स, रबरी चपला, कशाही फेकून पळायची आणि सकाळी त्या जोडीनं, टाचा भिंतीला लावून, रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या असायच्या. त्याला तो विनयाची शिस्त म्हणायचा. विनया त्याला लीलाबाईंची शिस्त समजायची. लीलाबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

आणि ऋग्वेदा. तीन-चार वर्षांची असताना ती याच दाराशी बसून पत्रपेटीच्या फटीतून कुणाशी तरी बोलायची. "हू आर यू टॉकिंग टू, बेटा?" "द वेटिंग मॅन." त्याच वर्षी इराकच्या युद्धाविरुद्ध मोर्चा निघाला होता आणि नितीशनं तिला खांद्यावर बसवून नेलं होतं. तिच्या हातात कागदाचं कबुतर होतं. त्या दिवसाइतका अभिमान त्याला नंतर कधी वाटला नाही. ती कबुतरवाली पोर सैन्यात गेली, ही गोष्ट त्याच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली होती. त्याला राग होता आणि रागाच्या खाली नुसती भीती होती, की एक दिवस ती परतच येणार नाही.

काचेपलीकडे दिवा विझला. मग पुन्हा लागला.

"नाही उघडत," तो मोठ्यानं म्हणाला आणि जरा घाईनंच स्वयंपाकघरात परतला.

*

"मी त्याला अडवलं नव्हतं," लीला म्हणाली.

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की दीप्तीला वाटलं आई वड्यांबद्दलच बोलतेय.

"मिसेस हॅरिस त्याला आणायला व्हेनुआपाईला गेल्या होत्या, विमानतळावर. चुकामूक झाली. त्या पोरांना म्हणे गुपचूप उतरवायचे, युनिफॉर्म काढून साधे कपडे घालून घरी जा म्हणायचे. लोक थुंकतात, रंग फेकतात. कॉलिननं काढला नव्हता. पहाटे दार वाजलं. तुमचे नाना घोरत पडलेले. मी उघडलं. इतका पोरगेला होता गं, माझ्याच वयाचा. त्याच्या आईनं मला फोटो दाखवला होता, म्हणून मी लगेच ओळखलं."

"मग?" विनयानं विचारलं.

"मग काय? लढाईवरून आलेला मुलगा. त्याला तसाच आत घ्यायचा? माझे मामा लष्करात होते. ते आले की आजी त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायावर पाणी घालायची आणि मग आत घ्यायची. तिथलं जे काही अंगाला चिकटून आलेलं असतं ते बाहेर राहावं म्हणून. मला इंग्रजीत हे कुठलं सांगता येतंय? मी हात वर केला, वेट म्हटलं. आणि दार लोटलं, कारण हॉलवेत यांचे मोर्च्याचे बोर्ड वाळत होते. लाल रंगाचे. म्हटलं, ते त्याला दिसायला नकोत."

नितीश खुर्चीवर बसला.

"घरात भाकरीचं पीठ नाही. कापलेला ब्रेड होता डब्यात. पण म्हटलं, पोरगा लढाईवरून आलाय, त्याच्यावरून शिळा ब्रेड कसा ओवाळायचा? म्हणून मैद्याचं पीठ मळलं. तवा तापवला. जमेल तशी जाड पोळी थापली." लीला आपल्या हातांकडे पाहत होती. "तांब्या नि पोळी घेऊन मी परत गेले, तर दारात त्याची बॅग होती. तो नव्हता."

"निघून गेला?" दीप्ती कुजबुजली.

"दार लावल्यावर कुणीही जाईल. हे उठून आले, मी दारात उभी, बाहेर बॅग. यांनी काय ते ताडलं. शाब्बास म्हणाले, मला उचलूनच घेतलं. मी सांगायला गेले, पण यांचा घसा बसलेला असला तरी कान काही उघडे नसायचे. नंतर नंतर सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणाच्या टाळ्या थांबवायच्या, नितू? ते एवढे खूश व्हायचे."

"आणि मिसेस हॅरिस?"

"त्यांना मी सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. विचारलं, तू त्याला वेट म्हणालीस का? मी म्हटलं, हो. तर म्हणाल्या, मग थांबेल तो. कॉलिन सांगितलेलं ऐकणारा आहे." लीलानं पदर खांद्यावर ओढून घेतला. "त्या दिवसापासून त्यांनी त्या दारातून कुणाला जाऊ-येऊ दिलं नाही. मरेपर्यंत. पुढे घर आपण घेतलं, तरी मी तेच चालवलं. त्याचा पत्ता कधीच लागला नाही. पण तो कुठे गेलाय असं मलाही कधी वाटलं नाही."

नितीशच्या चेहऱ्यावरून एकेक करून सगळे गणपती, सगळे वाढदिवस, सगळ्या टाळ्या जात होत्या. दीप्ती उठली आणि पहिल्यांदाच भावाजवळ न बसता वहिनीजवळ जाऊन उभी राहिली.

"आई, हे तू मला आत्ता सांगतेस?" नितीश म्हणाला.

"आत्ताच सांगायला हवं. माझं नाव सांगून तू माझ्या नातीला बाहेर ठेवायला निघालास."

आणि पुढचं दार वाजलं.

*

उबर कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानापाशी वळून गेली तेव्हा ऋग्वेदाला मागच्या गल्लीनं जायचं होतं, सवयीनं. मग तिनं पाय मागे घेतला. घरची असते तर मागच्या दारानं गेले असते, तिला वाटलं. बाबाला पाहुणी हवीय ना, मग पाहुणीसारखी पुढून जाते.

ती पायऱ्या चढली. दिवा आधीच लागलेला होता.

तिनं दार वाजवलं. आत काहीतरी खरडल्याचा आवाज झाला, पावलं धावली आणि दारापलीकडून आजीचा आवाज आला, "थांब! ऋगू, थांब तिथेच!"

मग पावलं आत निघून गेली.

ऋग्वेदा उभी राहिली. दार काही उघडलं नाही. म्हणजे ठरलं तर, ती मनात म्हणाली. तिला रडू आलं नाही. सिनाईत गाडी उलटली त्या दिवसापासून तिला रडू येतच नव्हतं. ड्रायव्हर तिच्या मांडीवर गेला होता. हे तिनं घरी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. रोज रात्री डोळे मिटले की तो विचारायचा, पोचलो का आपण? आणि आता ती पोचली होती आणि बाहेर होती.

दिवा विझावा म्हणून ती अगदी स्तब्ध उभी राहिली. सेन्सरला हालचाल दिसली नाही की तो विझतो. कसं स्तब्ध राहायचं हे तिला शिकवलेलंच होतं. दिवा विझला. अंधारात तिनं बोटसुद्धा हलवलं नाही.

दिवा पुन्हा लागला.

तिच्या डाव्या बाजूला ओल्या लोकरीचा वास आला. जुन्या कोटाचा. कुणीतरी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकावं तशी वरांड्याची फळी कुरकुरली. तिनं वळून पाहिलं नाही. लहानपणीही तिनं कधी पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा फक्त फटीतून बोलायचं असे.

"हे," ती हलकेच म्हणाली. "स्टिल हिअर, मेट?"

फळी पुन्हा कुरकुरली. ती निघून जायला म्हणून वळणार होती, पण आता कोण जाणे का, तिला ते जमेना. याला एकट्याला टाकून जायचं? ती जराशी उजवीकडे सरकली. दोघांना पुरेल एवढी जागा झाली.

*

"पीठ काढते," विनया म्हणाली, "भाकरी थापते पटकन."

"नको!" लीला ओरडली. इतकी मोठ्यानं ती कधी बोलली नव्हती. "भाकरी नको. ब्रेड दे. टोस्टचा दे, कसलाही दे. दीप्ती, तांब्यात पाणी घे. नितू, दार!"

"अगं, ते उघडत नाही..."

"मग उघडेपर्यंत ओढ! बाहेर पोर उभी आहे आणि मी तिला थांब म्हटलंय!"

नितीश धावला. हॉलवेत त्यानं आधी मूठ धरून ओढलं, मग चौकटीला पाय लावून ओढलं. पन्नास वर्षांचा रंग चौकटीत मुरला होता. त्याच्या कपाळावर घाम आला. वरून नाना हारातून पाहत होते. "ऋगू!" तो ओरडला, "जाऊ नकोस! आय अ‍ॅम ओपनिंग इट! जाऊ नकोस गं!"

"आय अ‍ॅम हिअर, डॅड," बाहेरून आवाज आला, अगदी लहान मुलीसारखा.

त्यानं पुन्हा ओढलं, आणि त्याच क्षणी बाहेरूनही कुणीतरी जोरानं ढकललं. दार कडाडून आत आलं. नितीश भिंतीवर आदळला.

"केवढ्यानं ढकललंस," तो धापा टाकत म्हणाला.

"मी हात नाही लावला," ऋग्वेदा म्हणाली. तिचे दोन्ही हात खांद्यावरच्या सॅकच्या पट्ट्यांना होते.

थंड हवा आत शिरली. उंबऱ्याच्या बाहेर ती होती, हिरव्या ठिपक्यांच्या कपड्यांत, डोळे खोल गेलेली. त्याला कपडे दिसले आणि मग दिसेनासेच झाले. त्याला फक्त ती किती वाळलीय ते दिसलं. तो पुढे झाला, पण लीलानं त्याला हातानं मागे सारलं.

"आधी मी."

तिनं ब्रेडची स्लाइस ऋग्वेदाच्या डोक्याभोवती ओवाळली, तिचे दोन तुकडे केले, एक डावीकडे फेकला, एक उजवीकडे. दीप्तीनं तिच्या बुटांवर पाणी घातलं. "सगळं इथेच टाक," लीला म्हणाली. "कुणाला सोबत आणलं असशील तर त्यालाही सांग, आपण पोचलो."

ऋग्वेदाचा चेहरा एकदम रडवेला झाला. "आजी, तुला कसं..." ती रडायला लागली, आणि विनयानं तिला आत ओढून कवेत घेतलं तशी ओक्साबोक्शी रडली.

लीला मात्र दारातून हलली नाही. तिनं मागे हात केला. "अजून एक दे."

दीप्तीनं दुसरी स्लाइस तिच्या हातात ठेवली. लीलानं ती रिकाम्या जागेभोवती ओवाळली, ऋग्वेदानं सरकून केलेल्या जागेभोवती, तिच्या स्वतःच्या डोक्याहून बऱ्याच उंचावर हात नेऊन. तुकडे टाकले. तांब्यातलं उरलेलं पाणी खाली ओतलं.

"कम," ती म्हणाली. "कम इन, कॉलिन. फार वेळ लागला मला."

दिवा विझला. पायपुसण्यावर पडलेलं पाणी उंबऱ्यावरून आत आलं, हॉलवेच्या लाकडावर पावलापावलानं उमटत गेलं आणि स्वयंपाकघराच्या वळणाशी थांबलं. नितीशनं दार लावलं. ते पहिल्यांदाच न अडकता लागलं.

मग सगळे टेबलाशी बसले. विनयानं वडे गरम केले. ऋग्वेदा युनिफॉर्मवरच बापाच्या खांद्याला टेकून बसली होती आणि नितीश तिचा हात सोडत नव्हता. त्याला खूप बोलायचं होतं, मोर्च्याचं, कबुतराचं, आपण चुकलो त्याचं. पण त्यानं आधी आईला विचारलं, अगदी हळू.

"आई, गेला का गं तो?"

लीला वाढत होती. तिनं नितीशच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर एक ताट ठेवलं.

"जाईल कशाला? आत्ता कुठे आलाय," ती म्हणाली. "जरा सरक. त्याला बसू दे."